एसीचा गारवा आणि आजीची शाल

ऐन मे महिन्यात एखाद्या मोठ्या इमारतीच्या दालनात शाल पांघरून बसलेल्या आजी आपण पाहिल्या असतील. ही केवळ विजेची उधळपट्टी नव्हे. वार्धक्यात स्नायू व त्वचेखालील चरबी घटल्याने शरीराची ऊब टिकत नाही.

इमारतीची रचना ऊन अडवते, संगणकप्रणाली गारवा कमी-अधिक करते. परंतु यंत्राला हवेचे तापमान कळते, माणसाची हुडहुडी कळत नाही. ती व्यवस्थापकांस आपणच सांगावी. आपल्या देशात २०२० पासून खोलीसाठीचे तारांकित एसी मुळातच २४ अंशांवर ठेवलेले असतात. तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. मोठ्या दालनातही २४ अंशांचा आग्रह धरावा.

मात्र काटकसरीपायी भर उन्हाळ्यात गारवा पूर्ण बंद करू नये. वृद्धांना तहान उशिरा जाणवते, घामही कमी येतो. सोबत्याने त्यांना थेट झोताखाली बसवू नये, आठवणीने पाणी द्यावे. अंग तापून सुस्ती वा भ्रम दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.