टायरची रुंदी आणि शिवाराची वाट

शेतीवाडी असलेल्या एकत्र कुटुंबांत हल्लीं जीपसारखी एखादी गाडी पुष्कळदां असते. ती दारांत आली कीं तरुण मंडळींची पहिली मागणी ठरलेली : मूळचे टायर काढून चांगले रुंद टायर बसवावे. रुंद चाक भारदस्त दिसतें, आणि जें भारदस्त दिसतें तें चिखलांत रुतणार नाहीं असा सहज समज होतो. हा समज सर्वत्र खरा नाहीं. आणि ज्या घराची वस्ती पक्क्या सडकेपासून दूर आहे त्या घराला तो ऐन पावसाळ्यांत महाग पडतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रश्न तसा जुनाच आहे. चाकाच्या कडेला संस्कृतांत 'नेमि' म्हणतात. तिच्यावर चढविलेल्या लोखंडी पट्टीला आपल्याकडे 'धांव' हें नांव आहे. बैलगाडीची धांव अरुंद असते. ती मऊ जमिनींत शिरून चाकोरी पाडते व रस्ता खराब करिते, हा तिचा दोष. परंतु तिच्यांत एक गुणहि आहे : मोठ्या व्यासाचें अरुंद चाक वरचा चिखल कापून खालच्या मुरमाला टेकतें.

याच्या उलट युक्ति, म्हणजे भार वांटून देण्याची, येडशीच्या लोकांनीं रेल्वेच्या रूपानें पाहिली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरनें बांधलेली अडीच फुटी बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्यें बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्यें येडशीवरून लातुरास पोंचली. कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, हें त्यांचें सूत्र होतें. त्यामुळें हलक्या रुळांवरूनहि मोठे डबे चालत. ती अरुंद वाट आतां राहिली नाहीं, रुंद रूळ आले. परंतु खालचा आधार किती सोसेल हें आधीं पाहावें व मग चाकाचा विचार करावा, हा तिचा धडा मोटारीसहि लागू आहे.

आतां थोडें गणित. १८०० किलोंच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर ४५० किलो, म्हणजे सुमारें ९९० पौंड भार येतो. टायरमध्यें दर चौरस इंचास ३२ पौंड हवा असेल तर जमिनीला टेकणारा भाग अजमासें ३१ चौरस इंच होतो. हवा १८ पौंडांवर आणली तर तोच ५५ चौरस इंचांच्या आसपास जातो. म्हणजे जमिनीवरील दाब मुख्यतः हवेनें ठरतो. हवा सारखीच ठेवली तर रुंद टायरचा ठसा आंखूड व पसरट, आणि अरुंद टायरचा लांबट पडतो, एवढाच काय तो भेद. लांबट ठशाच्या चाकाला पुढची माती कमी ढकलावी लागते. म्हणून रुंदीवर पैसे खर्च करण्यापूर्वीं हवा मोजण्याचें साधें यंत्र घ्यावें, हें उत्तम.

येडशीचा परिसर बालाघाटाच्या डोंगररांगेंत असल्यानें येथें जमिनीचे अनेक प्रकार जवळजवळ आढळतात. उतारावर मातीचा थर पातळ व खालीं मुरूम; तेथें अरुंद, उंच टायर चांगला. दगडगोट्यांच्या वाटेवर रुंदीपेक्षां टायरच्या बाजूची मजबुती महत्त्वाची. सखल भागांतील काळी जमीन मात्र खोल असते. ती भिजून फुगली म्हणजे तळ लागत नाहीं. तेथें रुंद टायर व कमी हवा यांनीं कांहींसें तरून जातां येतें. पण खरा उपाय वाफसा येईपर्यंत गाडी न घालणें हाच. नाहीं तर माती दबून पिकाचेंहि नुकसान होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं भाद्रपदांतील एका रात्रीं आमच्या नातलगांच्या वस्तीवर गड्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. पुतण्यानें जीप काढली. तिला एका दुकानदाराच्या आग्रहानें नवे रुंद टायर बसविले होते. पाणंदींत वीतभर चिखल, खालीं मुरूम. काळी माती टायरच्या खांचांत लिंपली जाऊन ते गुळगुळीत झाले आणि चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं. अखेर बैल जुंपले. लोखंडी धांवेची जुनी गाडी त्याच पाणंदींतून हळूहळू, पण न थांबतां, सडकेला लागली. बाई सुखरूप बाळंत झाली. पण तो तास घरांतील कोणीहि विसरलें नाहीं. बैल गाडी ओढतात आणि जीपचें चाक स्वतःच्या पकडीवर चालतें, हा भेद आम्हांस ठाऊक आहे. तरीपण एक चाक तळाला पोंचलें व दुसरें वरच घसरत राहिलें, हें डोळ्यांआड करितां येत नाहीं.

मापाविषयीं एक सूचना. २१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या शेंकडा ७५ आणि आंतील चक्राचा व्यास १५ इंच. त्याऐवजीं २३५/७५ आर १५ घेतला तर रुंदीबरोबर उंचीहि वाढते. व्यास सुमारें ३० मिलिमीटरांनीं मोठा होतो. मग वेग दाखविणारा कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो, चाक वळतांना मडगार्डला घांसण्याचा संभव असतो आणि इंधनहि अधिक लागतें. गाडीच्या निर्मात्यानें मान्य केलेल्या मापांबाहेर जाणें कायद्याच्या दृष्टीनेंहि अडचणीचें आहे. शिवारांत कमी केलेली हवा सोलापूर–धुळें महामार्गावर चढण्यापूर्वीं पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगांत तापून फुटूं शकतो.

तेव्हां कुटुंबांतील वडील मंडळींनीं तरुणांना मोडता घालण्यापेक्षां एक काम सांगावें. श्रावणांतील भर पावसानंतर काठी घेऊन आपल्या पाणंदीनें चालत जावें आणि दर पन्नास पावलांवर ती रोवून पाहावी. वीत-दीड वितीवर मुरूम लागला तर मूळच्या मापाचा, खोल खांचांचा टायर ठेवावा. काठी खोल जाऊनहि तळ लागला नाहीं तर रुंद टायरचा विचार करावा. आणि त्याहिपूर्वीं, वांचलेल्या पैशांत शेजाऱ्यांना घेऊन तेवढ्या तुकड्यावर मुरूम टाकावा. त्या मुरमावरून शेजाऱ्यांची बैलगाडीहि जाईल.