परसबाग करायचीय? सल्ला अन् बियाणं गावातच मिळतं

पावसाळा तोंडावर आला की मोबाईलवर परसबागेचे व्हिडीओ सुरू होतात. महागडी बियाण्याची पाकिटं, रंगीत कुंड्या बघून अनेकजण पैसे घालतात. पण दुसरीकडच्या माती-हवेतला सल्ला आपल्याकडे लागू पडेलच असं नाही. खर्चाआधी कुणाला काय विचारायचं, ते पाहू.

जागा : रोज पाच-सहा तास ऊन लागेल अन् कोंबड्या-शेळ्या आत शिरणार नाहीत अशी जागा निवडा. न्हाणीचं पाणी केळी, अळूला सोडा. साबणाचं पाणी पालेभाजीवर नको.

बियाणं : आधी गावातल्या जुन्या बायकांना विचारा. दोडका, भोपळा, वाल, गवारीचं गावरान बी अनेक घरांत राखून ठेवलेलं असतं. संकरित वाणाचं बी घरी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं. गावरान बी मात्र घरचं घरी राखता येतं. अकोले तालुक्यातील कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांना असं बियाणं जपण्याच्या कामासाठीच पद्मश्री मिळाली.

सल्ला : गावचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), 'उमेद'च्या बचत गटातील कृषी सखी अन् जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, या तिन्ही ठिकाणी विचारता येतं. केंद्रात जाताना रोगट पान किंवा फांदी सोबत न्या, नुसत्या सांगण्यावरून रोग ओळखणं अवघड असतं. किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या मोफत क्रमांकावर सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत मराठीत बोलता येतं.

कीड : सर्वात महत्त्वाचं म्हणजे, कपाशी-सोयाबीनचं उरलेलं औषध परसबागेत मारू नका. फवारणीनंतर काढणीसाठी काही दिवस थांबावं लागतं, पण घरची भाजी दुसऱ्याच दिवशी पोराबाळांच्या ताटात येते. मावा दिसला तर 50 ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळून त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवा अन् ऊन उतरल्यावर फवारा.

पहिल्या वर्षी भेंडी, गवार, दोडका, कारलं अन् कडेला एक शेवगा एवढंच पुरे. मेथी, पालक थंडीत घ्या. बाग जमली की थोडं बी राखा अन् शेजारणीलाही द्या.