प्रत सगळ्यांकडे, किल्ली कोणाकडे?

लिनक्सच्या कर्नेलचा अधिकृत इतिहास आज कोणीही आपल्या संगणकावर उतरवून घेऊ शकतो. पण तो उलगडत मागे मागे गेले, की १६ एप्रिल २००५ या तारखेशी वाट संपते. कर्नेलचा जन्म १९९१ चा. म्हणजे जवळपास चौदा वर्षे या नोंदीत नाहीतच. त्या काळातल्या नोंदी हरवल्या होत्या असे नाही. त्यांचा आकार प्रचंड होता, हाती वेळ नव्हता, म्हणून कर्नेलचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या गिट या नव्या साधनात आणायचे टाळले. वेळ का नव्हता, याच्या उत्तरात विकेंद्रित व्हर्जन कंट्रोलचे सगळे मर्म आहे. या लेखात मांडायचे आहे ते एवढेच: प्रत्येकाच्या प्रतीत जेवढा ऐवज येतो, तेवढ्यापुरतीच कोणतीही व्यवस्था विकेंद्रित असते. जे प्रतीत येत नाही, तिथे केंद्र पुन्हा तयार होते, आणि बहुतेक वेळा ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

अनेकांनी मिळून एकच प्रोग्रॅम लिहायचा, तर कोणी केव्हा कुठली ओळ बदलली याची नोंद लागते; हेच व्हर्जन कंट्रोल. बेल लॅबमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस बनवले. दहा वर्षांनी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांचे आरसीएस आले. ही दोन्ही साधने एका यंत्रावरच्या फायलींपुरती होती. नंतरच्या सीव्हीएस आणि सबव्हर्जनमुळे नेटवर्कवरून काम करता येऊ लागले, तरी रचना चावडीतल्या दप्तरासारखीच राहिली. फेरफार नोंदवायचा तर तलाठ्याकडेच जायचे, जुना उतारा हवा तर तिथेच, आणि कार्यालय बंद असेल तर हात हलवत परत. लिहिणाऱ्याकडे असायची ती फक्त आजची अवस्था, इतिहास सर्व्हरवर. त्यामुळे सर्व्हरवर नोंद करण्याचा हक्क कोणाला द्यायचा, हा प्रत्येक प्रकल्पातला राजकीय प्रश्न होऊन बसला. कमिट ॲक्सेस मिळणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली आणि न मिळणे ही भांडणाची.

कर्नेलच्या मंडळींनी हा मार्ग कधी धरलाच नाही. २००२ पर्यंत जगभरातून ईमेलने पॅच, म्हणजे बदलांचे तुकडे, यायचे आणि टोरवाल्ड्स ते हाताने लावायचे. काम वाढले तसे पॅच गहाळ होऊ लागले, तेच तेच पुन्हा पाठवावे लागू लागले, कुरबुरी वाढल्या. तेव्हा, २००२ च्या सुरुवातीस, त्यांनी लॅरी मॅकव्हॉय यांच्या बिटमूव्हर कंपनीचे बिटकीपर वापरायला घेतले. हे साधन खरोखर विकेंद्रित होते. प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास, प्रत्येकाला स्वतंत्रपणे नोंद करण्याची मुभा. मात्र ते मालकीचे होते. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ते फुकट मिळे, पण स्पर्धक साधनावर काम करायचे नाही या अटीवर. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर विरोध केला. टोरवाल्ड्स यांचे म्हणणे साधे होते: यापेक्षा चांगले दुसरे काही आहे का? त्या घडीला नव्हते. तीन वर्षे काम झपाट्याने चालले. मग सांबा आणि आरसिंक हे प्रोग्रॅम लिहिणारे ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकणारा आपला स्वतःचा प्रोग्रॅम तयार केला. कंपनीच्या मते हे करारातून मिळालेल्या सवलतीचा गैरफायदा घेणे होते. ट्रिजेल यांचे म्हणणे, आपण बिटकीपर वापरलेच नाही, तर त्याच्या अटी आपल्याला लागू कशा? एप्रिल २००५ मध्ये कॅनबेरातल्या परिषदेत त्यांनी दाखवून दिले, की सर्व्हरला टेलनेटने जोडून ‘हेल्प’ एवढाच शब्द टाइप केला तरी तो आज्ञांची यादी देतो. तोवर कंपनीने फुकट वापराची सवलत मागे घेतली होती. इतिहासाच्या प्रती शेकडो लोकांकडे होत्या. त्या वापरण्याची परवानगी मात्र एकाच ठिकाणी होती, आणि ती एका निर्णयाने गेली.

गिटचा जन्म या कोंडीतून झाला. ३ एप्रिलला काम सुरू झाले आणि ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. जूनमध्ये कर्नेलची २.६.१२ ही आवृत्ती गिटवरून निघाली. जुलैच्या अखेरीस टोरवाल्ड्स यांनी गिटची जबाबदारी जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवली. ती आजही त्यांच्याकडेच आहे. चार दिवसांत चमत्कार झाला अशी कथा सांगायला सगळ्यांना आवडते, पण त्यात अर्धेच सत्य आहे. मजकुरावरूनच त्याची ओळख ठरवायची ही मूळ कल्पना ग्रेडन होअर यांच्या मोनोटोनमध्ये आधीपासून होती. डार्क्स आणि ग्नू आर्कही होते; आणि त्याच एप्रिलमध्ये, त्याच कोंडीतून, मर्क्युरिअलही जन्मले. टोरवाल्ड्स यांचे श्रेय वेगाच्या हट्टात आहे, आणि आराखडा जवळजवळ उद्धट म्हणावा इतका साधा ठेवण्यात. गिटमध्ये प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदीला, चाळीस अक्षरांचे एक चिन्ह मिळते. ते फायलींचा मजकूर, नोंद करणाऱ्याचे नाव, वेळ, संदेश आणि आधीच्या कमिटचे चिन्ह या सगळ्यांवरून गणिताने निघते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या एका ओळीतले एक अक्षर कोणी गुपचूप बदलले, तर तिथून पुढची सगळी चिन्हे बदलतात आणि इतरांकडच्या प्रतींशी मेळ बसत नाही.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये, म्हणजे बिटकीपरच्या काळात, सीव्हीएस वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी कर्नेलची एक वेगळी प्रत ठेवलेली होती. कोणीतरी त्या सर्व्हरमध्ये घुसून दोन ओळी घातल्या. वरवर पाहता त्या एका चुकीच्या वापराची तपासणी करणाऱ्या वाटत. प्रत्यक्षात तुलनेसाठी लागणाऱ्या दोन बरोबर-चिन्हांच्या जागी एकच चिन्ह होते, त्यामुळे तुलना होण्याऐवजी वापरकर्त्याचा क्रमांक शून्य होई, म्हणजे यंत्रावरचे सर्वाधिकार त्याच्या हाती जात. बिटकीपरमधल्या मूळ इतिहासाशी ताडून पाहता या ओळींना तिथे काहीच आधार नव्हता, आणि डाव तत्काळ उघडा पडला. सीव्हीएसची ती प्रत हेच एकमेव दप्तर असते तर? ऑगस्ट २०११ मध्ये तर खुद्द कर्नेल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्येच घुसखोरी झाल्याचे लक्षात आले. संकेतस्थळ कित्येक आठवडे बंद राहिले. टोरवाल्ड्स यांनी आपली शाखा तात्पुरती गिटहब या गिट भांडारे ठेवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवली, आणि ३.१ ही आवृत्ती ऑक्टोबरमध्ये बाहेर पडली. हजारो लोकांकडे तोच इतिहास असल्याने त्यात कोणी हात घातला असता तर ते लपले नसते. मुख्य यंत्र हातचे गेले तरी काम अडले नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की शेवटी टोरवाल्ड्स यांची प्रत हेच केंद्र नव्हे का? आहेच. पण ते यंत्राने लादलेले नाही. नेटवर्किंग, फाइल सिस्टिम, ड्रायव्हर अशा विभागांचे सांभाळकर्ते आपापल्या शाखेत बदल गोळा करतात, टोरवाल्ड्स त्यांच्याकडून ते ओढून घेतात, आणि बाकीचे लोक टोरवाल्ड्स यांच्याकडून घेतात, कारण टोरवाल्ड्स यांच्या निवडीवर त्या लोकांचा भरवसा आहे. उद्या भरवसा उडाला तर दुसऱ्या कोणाकडून घेण्याला कसलीच तांत्रिक अडचण नाही. दुसरा आक्षेप मोठ्या कंपन्यांचा दाखला देतो. गूगलने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या शोधलेखानुसार त्यांचा जवळजवळ सगळा कोड, सुमारे दोन अब्ज ओळी, एकाच केंद्रीय भांडारात होता. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज गिटवर आणले तेव्हा भांडार सुमारे ३०० जीबीचे होते, आणि लागतील तेवढ्याच फायली सर्व्हरवरून आणणारी वेगळी सोय करावी लागली. हे खरे आहे. पण तिथे सगळे एकाच मालकाचे पगारी नोकर आहेत. कोणाचे ऐकायचे हा प्रश्न नेमणूकपत्रातच सुटलेला असतो. विकेंद्रित साधनाची गरज आहे ती एकमेकांचे काहीही लागत नसलेल्या लोकांना.

तिसरा आक्षेप मात्र सहज झटकता येत नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरना घेतलेल्या गिटहबवर आज मुक्त सॉफ्टवेअरचा मोठा भाग नांदतो. मग विकेंद्रीकरण राहिले कुठे? डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाने उचललेल्या प्रकरणातून भारतात ३२ संकेतस्थळांवर बंदी आली, त्या यादीत गिटहबच्या पत्त्यांचाही समावेश होता. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या वापरकर्त्यांची खाजगी भांडारे बंद झाली. इराणसाठी गिटहबला परवाना मिळायला जानेवारी २०२१ उजाडले. ऑक्टोबर २०२० मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीवरून यूट्यूब-डीएल हा प्रकल्प उतरवला गेला आणि काही आठवड्यांनी परत आला. या प्रत्येक वेळी ज्याने आधी पूर्ण प्रत (क्लोन) घेतली होती त्याच्याकडे कोड आणि इतिहास शाबूत होता. गिटने दिलेला शब्द पाळला. गेले ते बाकीचे: कोणते दोष प्रलंबित आहेत, कोणता बदल का नाकारला, कोणाला कसली मुभा आहे. हा ऐवज गिटच्या प्रतीत उतरतच नाही. बिटकीपरच्या वेळी साधन वापरण्याची परवानगी प्रतीबाहेर होती, गिटहबच्या वेळी चर्चा प्रतीबाहेर आहे. २०११ मध्ये कर्नेल इतक्या सहजी सावरले, त्याचे निम्मे कारण हेच मानावे लागते, की त्यांची चर्चा ईमेलवर चालते आणि तीही हजारो पेट्यांत विखुरलेली असते. ईमेलची ती पद्धत नव्याने येणाऱ्याला जुनाट आणि कटकटीची वाटते, आणि ती तशी आहेही. पण तिची किंमत अशा प्रसंगी वसूल होते.

प्रती पुष्कळ असल्या म्हणजे आपण सुरक्षित, असेही कोणी समजू नये. मार्च २०१३ मध्ये केडीई प्रकल्पाच्या मुख्य गिट सर्व्हरची फाइल सिस्टिम बिघडली आणि इतर सर्व्हरनी ती बिघडलेली अवस्था इमानेइतबारे उतरवून घेतली. दीड हजारांच्या आसपास भांडारे धोक्यात आली; एका सर्व्हरवर योगायोगाने चांगली प्रत उरली होती म्हणून निभावले. न तपासता उतरवलेली प्रत म्हणजे साक्षीदार नव्हे. मार्च २०२४ मधले एक्सझेड प्रकरण याहून बोचरे आहे. दोनेक वर्षे विश्वास संपादन करून सांभाळकर्ता झालेल्या एका टोपणनावी व्यक्तीने या लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात चोरवाट बसवली. तिचा काही भाग चाचणीच्या फायली म्हणून उघडपणे गिटमध्येच होता. पण तो जागा करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती, फक्त वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात होती. लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो हे शोधताना आंद्रेस फ्रॉइंड यांना ती सापडली. म्हणजे घात झाला तो पुन्हा इतिहासाबाहेरच्या वस्तूतून. गिटहबने ते भांडार तत्काळ बंद केले, तरी मूळ सांभाळकर्त्याची प्रत त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर होती आणि दुरुस्तीचे काम तिथून चालू राहिले.

बिटकीपरचा कोड मे २०१६ मध्ये मुक्त झाला, तोवर त्याची कोणाला गरज उरली नव्हती. गिटच्या बाबतीत तशी वाट पाहण्याचे कारण नाही, कारण साधन आपलेच आहे. राहिलेला भाग आपण उतरवून घ्यायचा आहे. आपला सामायिक प्रकल्प एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर त्याची दुसरी प्रत वेगळ्या मालकाच्या सर्व्हरवर ठेवा, ती अधूनमधून गिटच्याच एफएससीके आज्ञेने तपासा, महत्त्वाचे निर्णय आणि त्यांची कारणे साध्या मजकुराच्या फायलींत कोडशेजारीच कमिट करा, आणि दोषांची यादी निदान महिन्यातून एकदा उतरवून ठेवा.