विश्लेषण : जुन्या दारावरचा रंग खरवडताना घरात शिसे कसे पसरते?

गावच्या घराचे सागवानी दार बहुधा ऑइलपेंटखाली दडलेले असते. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली चॉकलेटी. घरात लग्न निघाले की एक थर वाढला. आता तेच लाकूड पुन्हा उघडे करण्याची हौस आली आहे. कारागीर ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावतो आणि तासाभरात ओटीवर, पाण्याच्या पिंपावर, बाळाच्या पाळण्यावर रंगाची बारीक पूड बसते. या पुडीत शिसे असण्याची दाट शक्यता असते.

शिसे आले कुठून?

पिवळा, नारिंगी, लाल अशा भडक रंगांसाठी शिशाची रंगद्रव्ये वापरली जात. रंग लवकर सुकावा म्हणूनही शिशाची संयुगे घालत. (मारुतीचा पारंपरिक शेंदूर म्हणजेही शिशाचे ऑक्साइडच.) घरगुती रंगांत शिसे 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून तो लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या दारात शिसे आहे असे धरूनच कामाला लागावे.

धोका कोणाला?

सर्वाधिक रांगत्या मुलांना. हात जमिनीवर आणि तेच हात तोंडात. शिसे वाढत्या मेंदूवर परिणाम करते. सुरुवातीला लक्षणे दिसतीलच असे नाही. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भवती स्त्रिया आणि रोज हेच काम करणारे रंगारी यांनाही धोका असतोच. शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील शिसे तपासता येते.

मग रंग काढायचा कसा?

आधी एक प्रश्न : काढायलाच हवा का? थर घट्ट बसलेला असेल, पोपडे सुटत नसतील, तर वरून नवा रंग देणे सर्वांत सुरक्षित. जिथे झडप चौकटीला घासते तेवढ्याच कडा साफ कराव्यात.

पूर्ण काढायचाच असेल तर झडपा बिजागऱ्यांतून काढून अंगणात न्याव्यात आणि खाली जाड प्लास्टिक अंथरावे. मुले दूर. पाणी फवारत, ओल्या पृष्ठभागावरच पत्र्याने खरवडावे, कारण ओला कण उडत नाही. कोरडे घासणे आणि ग्राइंडर टाळावा. तोंडाला बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही. पी100 फिल्टरचा मास्क उत्तम, किमान एन95. काम झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे, कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

हीट गनने थर छान सुटतात, पण 590 अंश सेल्सिअसच्या वर शिशाची वाफ होऊ लागते. त्यामुळे गन कमी आचेवरच ठेवावी, आणि ब्लो लॅम्प तर नकोच. कास्टिक सोडा स्वस्त असला तरी सागवान काळे पाडतो. पेंट रिमूव्हर घेताना डब्यावर मेथिलीन क्लोराइड लिहिले आहे का ते पाहावे. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसे दगावली आहेत. अमेरिकेने 2019 मध्ये रंग काढण्यासाठी त्याची ग्राहकांना विक्री बंद केली. ते नसलेले रिमूव्हर हळू काम करतात. लेप लावून प्लास्टिक झाकले की थर मऊ पडतो.

उरलेल्या रंगीत फळ्या?

इथेच चूक होते. मोडक्या चौकटीचे तुकडे अंघोळीच्या बंबात किंवा चुलीत जातात आणि शिसे धुरात, राखेत उतरते. त्या राखेने भांडी घासली की ते थेट स्वयंपाकघरात. असे लाकूड जाळू नये. खरवडलेले पोपडे दुहेरी पिशवीत बांधून घातक कचरा म्हणून वेगळे द्यावेत.

हे काम पावसाळ्यात काढू नये. ओले लाकूड नीट वाळल्याशिवाय तेल पीत नाही. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस बरे. शेवटी जवसाचे तेल लावले तर त्याचे बोळे कोपऱ्यात गोळा करून ठेवू नयेत. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर पसरून वाळवावेत.