मनशीळ: विषारी दगडाचे औषध कसे होते

चीनच्या हूनान प्रांतात शिमन नावाचा तालुका आहे. तिथल्या खाणीतून शतकानुशतके एक नारिंगी-तांबडा, मऊ दगड निघत आला. चिनी वैद्य त्याला श्योंगह्वांग म्हणतात. आपल्या रसशास्त्रातली मनशीळ ती हीच. आर्सेनिक आणि गंधक यांचे हे संयुग आहे.

आर्सेनिक म्हटले की विष आठवते, आणि ते बरोबरच आहे. मग चिनी वैद्यांनी ते पोटात द्यायचे धाडस कसे केले? शुद्ध मनशीळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे पोटात गेलेल्या मात्रेतला थोडाच अंश रक्तात उतरतो. पण दगड उघड्यावर राहिला किंवा तापला, की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यातून आर्सेनिक ट्रायऑक्साइड तयार होते. हा सोमल. तो पाण्यात विरघळतो, शरीरात भराभर शोषला जातो आणि चिमूटभरही जीव घेऊ शकतो. म्हणूनच मनशिळीला आग दाखवू नये, असे चिनी औषधग्रंथ बजावून सांगतात. तिचा काढा करत नाहीत. ती गोळीत किंवा चूर्णातच घालतात.

औषधात घालण्याआधी ती पाण्यात खलतात. खलात थोडे पाणी घेऊन दगड बारीक वाटायचा, आणखी पाणी घालून ढवळायचे आणि वरचे गढूळ पाणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचे. तळाशी राहिलेली भरड पुन्हा वाटायची. गढूळ पाणी स्थिरावले की अतिशय मऊ पूड खाली बसते. वरचे निवळ पाणी फेकून द्यायचे आणि पूड विस्तवाशिवाय वाळवायची. पूड बारीक होते हे तर दिसतेच. पण फेकलेल्या पाण्याबरोबर विरघळलेला सोमलही निघून जातो, आणि माझ्या मते या कृतीचे खरे मोल तिथे आहे. आपल्याकडे मनशिळीला आल्याच्या रसाच्या भावना देतात, म्हणजे त्या रसात ती पुन्हापुन्हा खलतात. वाट वेगळी, पण कच्चा दगड औषधात जाऊ द्यायचा नाही, हे दोन्हीकडे ठरलेले.

चिनी परंपरेत ती तिखट, उष्ण आणि विषारी मानली जाते. खरूज, गळवे आणि सर्पदंश यांवर ती बाहेरून लावत. जंतांवर आणि हिवतापावर पोटातून देत. (सर्पदंशावर आज प्रतिविष हाच उपाय आहे.) चिनी औषधसंहितेने तिची मात्रा ०.०५ ते ०.१ ग्रॅम एवढीच ठेवली आहे. पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीला, नौकोत्सवाच्या सणाला, मनशीळ घातलेली दारू पिण्याची आणि ती मुलांच्या कपाळाला लावण्याची चाल होती. साप-विंचू दूर राहावेत ही त्यामागची भावना. ही चाल मोडली तेच बरे झाले. घरच्या दारूत शुद्धीचाही भरवसा नाही आणि मात्रेचाही.

आर्सेनिकचा सर्वांत मोठा उपयोग मात्र रक्ताच्या कर्करोगात सापडला. १९७०च्या दशकात हार्बिनमध्ये चांग थिंगदोंग आणि त्यांचे सहकारी एका लोकऔषधाची पारख करत होते. त्यात सोमल, पाऱ्याचे एक संयुग आणि भेकाचे विष होते. एकेक घटक तपासल्यावर गुण सोमलाचा असल्याचे दिसले, आणि तोही ल्यूकेमियाच्या एका विशिष्ट प्रकारात सर्वाधिक.

या प्रकाराला ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्यूकेमिया म्हणतात. त्यात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि दोन जनुके जोडली जाऊन एक विकृत प्रथिन बनते. हे प्रथिन पांढऱ्या पेशींची वाढ अर्ध्यावर रोखते. आर्सेनिक नेमके या प्रथिनाच्या एका भागाला चिकटते. पेशी मग त्या प्रथिनावर मोडीची खूण लावते आणि स्वतःच त्याचे तुकडे करते. अडथळा गेला की काही पेशी पक्व होतात, काही मरतात. शांघायच्या संशोधकांनी १९९०च्या दशकापासून ही साखळी उलगडली. २००० साली अमेरिकेनेही शिरेतून द्यायच्या आर्सेनिक ट्रायऑक्साइडला मान्यता दिली.

मनशीळही मागे राहिली नाही. चीनमध्ये तिची तोंडाने घ्यायची गोळी वापरात आहे. तिच्यात नैसर्गिक निळीसह तीन वनस्पतिज घटक असतात. प्रयोगशाळेत असे दिसले, की निळीतल्या द्रव्यामुळे पेशीच्या आवरणातली आर्सेनिक आत घेणारी द्वारे वाढतात. अ-जीवनसत्त्वापासून बनलेल्या औषधाच्या जोडीने ही गोळी दिलेल्या रुग्णांचे निकाल शिरेतून आर्सेनिक दिलेल्यांच्या तोडीचे आले.

हे उपचार रुग्णालयाच्या देखरेखीखालीच होतात. आर्सेनिकने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ईसीजी आणि रक्तातले पोटॅशियम, मॅग्नेशियम वारंवार तपासतात. पहिल्या आठवड्यांत ताप आला, धाप लागली किंवा अंगावर सूज चढली, तर पेशी एकदम पक्व होऊ लागल्याने उद्भवणारी गुंतागुंत समजून डॉक्टर लगेच स्टेरॉइड सुरू करतात.