मडक्यावरची लांब रोटी: कणीक फाटत का नाही?

आजचा विषय आपल्या भंडाऱ्या-नागपूरकडचा. उलट्या मडक्यावर भाजलेली लांब रोटी. कुणी मटका रोटी म्हणतं, कुणी लंबी रोटी.

भंडारा जिल्हा धानाचा. रोजच्या ताटात भात. त्यामुळे गव्हाची ही रोटी पाहुणचाराची, लग्नकार्याची, नाहीतर आमरसाच्या दिवसांची. रीलमध्ये बाई हातावर रोटी झुलवताना दिसते आणि आपण म्हणतो, काय जादू आहे! पण खरं काम त्याआधी परातीत झालेलं असतं.

गव्हात ग्लुटेन असतं. पीठ भिजलं, मळलं की त्याची जाळी तयार होते. लांब रोटीसाठी पीठ बारीक चाळायचं, कणीक नेहमीपेक्षा खूप सैल भिजवायची आणि थोडं थोडं पाणी लावत आपटून आपटून मळायची. मग झाकून ठेवायची. त्या वेळात ताणलेली जाळी सैल पडते. म्हणून गोळा लांबतो, पण फाटत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून भाकरी थापावी लागते.

आता गंमत बघा. आयर्लंडच्या खेड्यांतला घरगुती सोडा ब्रेड याच्या अगदी उलट. तिथला गहू मऊ, ग्लुटेन कमी. त्यामुळे १९ व्या शतकापासून ताक आणि खायचा सोडा घालून ब्रेड फुगवतात. ताकातलं आम्ल सोड्याला भेटलं की वायू सुटतो. तिथे जास्त मळलं की ब्रेड घट्ट होतो! पूर्वी तो लोखंडी भांड्यात भाजत, झाकणावरही निखारे ठेवून. आपले रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात ना, तसंच: आच चारही बाजूंनी.

मग मडकंच का? गोलाईवर पातळ रोटी चुण्या न पडता पसरते आणि माती आच सावकाश, सारखी देते.

नागपुरात कितीतरी बाया ऑर्डरवर या रोट्या करून घर चालवतात. उन्हाळ्यातही चुलीसमोर बसून. त्यामुळे भाव करताना मळण्याचे ते श्रमही मोजा. आणि घरात आजी किंवा मामीला रोटी येत असेल, तर मोबाईलवर फक्त झुलवणं शूट करू नका. कणीक किती सैल होती, तिला हाताला कशी लागल्यावर ‘झाली’ वाटली, हे विचारा. रेसिपीत नेमकं तेच लिहिलेलं नसतं.