सात दिवसांची भिंत

रविवारी संध्याकाळी सहा वाजले की आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरून ठराविक आवाज येऊ लागतात. स्टूल सरकवल्याचा, साखळ्या सुटल्याचा, फ्रेमा जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळल्याचा. आठवडाभर भिंतीवर असलेली चित्रं खाली उतरतात. सोमवारी भिंत रिकामी असते. मंगळवारी दुसऱ्याच कुणाची चित्रं जिना चढून वर येतात आणि संध्याकाळी समई लागते.

बेळगावातल्या एका उपनगरातलं हे आमचं छोटं कलादालन. पूर्वी या खोलीत मासिकांचे गठ्ठे धूळ खात पडलेले असायचे. लांबी जेमतेम तीस फूट, रुंदी अठरा. मी इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवते. मला साधा आंबा काढता येत नाही. तरी समितीत घेतलं, ते अक्षर बरं आहे म्हणून! चित्रांखालच्या पट्ट्या लिहिणं हे माझं काम. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. कन्नड मी सासरी आल्यावर शिकले, त्यामुळं कन्नड पट्ट्या अजूनही घरी दाखवून मगच लावते.

सुरुवातीला मला वाटायचं, एवढी खटपट करून टांगलेली चित्रं सात दिवसांत कशाला उतरवायची? महिनाभर राहू देत की! पण दोन वर्षांत उत्तर मिळालं. कायमचं संग्रहालय आपण एकदा बघतो, पाहुणे आले तर दुसऱ्यांदा. बदलणारी भिंत मात्र माणसाला पुन्हा पुन्हा जिना चढायला लावते. पेपर वाचायला येणारे निवृत्त गृहस्थ 'या आठवड्यात काय आहे बघू' म्हणून वर येतात. शिकवणीला जाणारी मुलं दप्तरासकट डोकावतात. आणि मुख्य म्हणजे, भिंत रिकामी होते म्हणूनच पुढच्या माणसाला जागा मिळते.

गुरूंचं गाव

चित्रकलेला जागा देणं ही आपल्या भागात नवी गोष्ट नाही. के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या गुरूंनी बेळगावात पिढ्या घडवल्या. रवी परांजपे (१९३५–२०२२) इथंच जन्मले आणि कुलकर्णी सरांच्याच हाताखाली तयार झाले. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात सरांच्या नावाचं कलादालन आहे. कोल्हापूरला आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांची परंपरा. तिथल्या शाहू स्मारक भवनातही प्रदर्शनं बदलत असतात.

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उभी राहिली. ती व्हावी म्हणून सर कावसजी जहांगीर यांच्याकडे आग्रह धरणाऱ्यांत होमी भाभांबरोबर उडुपीकडचे कन्नड चित्रकार के. के. हेब्बारही होते. मुंबईच्या भिंतीमागंही असा एक कन्नड माणूस आहे, हे आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. पण तिथं जागा मिळवायची तर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. खानापूर किंवा गोकाककडच्या चित्रकला शिक्षकानं तोवर काय करायचं? म्हणून गावोगावची अशी लहान दालनं हवीत.

आमचं कामकाज साधं आहे. भिंतीला खिळा मारायचा नाही. छताखालून लोखंडी पट्टी फिरवली आहे, तिला साखळ्या अडकवायच्या. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवायचा, म्हणजे मान वर करावी लागत नाही. जलरंग आणि कापड दोन्ही उन्हानं विटतात, म्हणून पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावायचा. दाराशी अभिप्रायाची वही.

पट्टीवरचं नाव

पट्टी लिहिणं हे किरकोळ काम नव्हे, हे मला एका चित्रानं शिकवलं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. सहलीहून आल्यावर पुष्कळजण सांगतात, "राजा रविवर्म्याचं ते दिव्याचं चित्र बघितलं." ते रविवर्म्याचं नाही. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं (१८८२–१९६८) जलरंगातलं चित्र आहे, १९४५-४६ च्या सुमाराचं. दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. पुढं त्या गीताबाई उपळेकर कोल्हापूरला होत्या आणि २०१८ साली १०२ व्या वर्षी वारल्या. चित्र इतकं प्रसिद्ध, तरी काढणाऱ्याचं नाव लोकांच्या तोंडी नाही. पट्टी न वाचता पुढं गेलं की असं होतं.

हे मी वर्गात मुलांना मोठ्या उत्साहानं सांगत असे. माझ्या घरात काय झालं होतं ते मात्र सांगत नसे.

गेल्या पावसाळ्यात एका चित्रकाराची तब्येत बिघडली आणि आमचा एक आठवडा मोकळा पडला. वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या मुलीनं सुचवलं, "मॅडम, घराघरांतल्या वाकळा आणि कशिदा लावूया की." समितीत थोडी कुजबुज झाली. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "हे तर बायकांचं घरकाम. याला कला कशी म्हणायची?" मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मनातून मलाही तसंच वाटत होतं.

त्या मुलीनं पाठ सोडली नाही. हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या वाकळा, २०११ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संग्रहालयात मांडल्या होत्या, हे तिनं शोधून आणलं. आपल्या घरापासून दोन-अडीच तासांवरचं काम अमेरिकेतल्या भिंतीवर गेलं, मग आपल्या भिंतीला काय झालं? ज्येष्ठ सदस्य हसले आणि तयार झाले.

मग पेट्या उघडल्या गेल्या. नऊ वाकळा आल्या, कशिद्याची चौदा कापडं आली. वाकळ जड असते, चिमट्यानं टांगली तर फाटते. म्हणून वरच्या कडेला मागून कापडाची नळी टाचून तिच्यातून काठी घातली, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं. पट्ट्या लिहायला बसले तर पहिलाच प्रश्न नावाचा. मराठी घरं वाकळ म्हणत होती, कन्नड घरं कौदी. वस्तू तीच, जुन्या लुगड्यांचे तेच तुकडे, तोच धावदोरा. मी दोन्ही नावं लिहिली.

दुसरा प्रश्न अवघड होता. "कुणी शिवली?" असं विचारलं की उत्तर यायचं, "आमच्या आजीनं." आजीचं नाव? मग घरात फोन व्हायचे. तेवीस वस्तूंपैकी सात जणींची नावं शेवटपर्यंत मिळाली नाहीत. त्या पट्ट्यांवर नावाची जागा मी कोरी ठेवली.

उलटी बाजू

चौथ्या दिवशी सासूबाईंना घेऊन गेले. त्या धारवाडकडच्या. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात, म्हणून मीही. अव्वा कशिद्याच्या एका काळ्या इरकलीपुढं थांबल्या. चंद्रकाळी होती ती. पदरावर गोपुरं, पालखी, तुळशीवृंदावन. सगळ्यांदेखत त्यांनी पदर उचलून उलटा केला. "हात लावू नये" ही पाटी मीच लिहिली होती. पण बोलायचा धीर झाला नाही.

"छलो ऐती," त्या म्हणाल्या. "यार माड्यार इदन्न?"

मग त्यांनी मला बाजूला उभं करून समजावलं. कसुतीत कापडावर नक्षी आधी काढत नाहीत, ताणेबाणे मोजून टाका घालतात. गाठ मारत नाहीत. गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसले पाहिजेत. नेगीचं आणि मेंथीचं तसं नाही. मेंथी म्हणजे मेथीच्या दाण्यासारखी फुली. काम कसं आहे ते उलट्या बाजूला कळतं. कै म्हणजे हात. हातानं घातलेलं सूत ती कसुती, असं त्या सांगतात. कसुतीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. ते मला ठाऊक होतं, टाके ठाऊक नव्हते.

परतताना रिक्षात त्या सहज म्हणाल्या, "आपल्याकडे पण एक होती तसली."

माझ्या पोटात गोळा आला. होती. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी घर आवरताना ती जीर्ण इरकल मी बोहारणीला दिली होती. बदल्यात स्टीलचं पातेलं घेतलं होतं. ते अजून घरात आहे. रिक्षातच मी सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे मला," अव्वा म्हणाल्या. "मी खिडकीतच होते त्या दिवशी. नवी सून, काय बोलायचं तुला? पातेलं बरं निघालं."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "आमच्या अव्वाच्या हातची होती ती."

लग्नाला एकवीस वर्षं झाली. त्यांच्या आईचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. त्यांनी सांगितलं. त्यांना बारा भावंडं होती, आणि ती माउली सगळी निजल्यावर कंदिलाच्या उजेडात टाके मोजायची, हेही सांगितलं. सात कोऱ्या पट्ट्या मी लिहिल्या होत्या. आठवी माझ्याच घरची होती, आणि तिच्यावर तर लावायला कापडही उरलं नव्हतं.

त्या रविवारी वाकळा उतरल्या. दर आठवड्यासारखीच भिंत रिकामी झाली. वहीत पाहिलं तर त्या सात दिवसांत नेहमीच्या दुपटीहून जास्त सह्या होत्या, आणि कितीतरी अभिप्राय कन्नडमध्ये सुरू होऊन मराठीत संपले होते. ज्येष्ठ सदस्यांनी स्वतःहून ठराव मांडला: दर वर्षी एक आठवडा घरांतल्या पेट्यांसाठी राखून ठेवायचा.

माझी मुलगी आता सुट्टीच्या दिवशी अव्वांजवळ मॅटीच्या कापडावर गवंती शिकते आहे. उलटी बाजू अजून जमत नाही. अव्वा न रागावता उसवायला लावतात.

वाचकहो, तुमच्याही घरी एखादी पेटी असेल. पुढचं प्रदर्शन होईल तेव्हा होईल. आज एवढंच करा. वाकळ असो की कौदी, ती बाहेर काढा, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला विचारा आणि शिवणारीचं पूर्ण नाव एका चिठ्ठीवर लिहून घडीत ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे होईल.